दोष कुठल्या टोकाला?

गेल्या सप्टेंबरात एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली. बाहेर एक तरुण मुलगा उभा होता, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. आमच्या गल्लीत उन्हाळाभर खोदकाम चाललं होतं. सॅस्कटूनमध्ये जमीन वर्षातले पाच-सहा महिने गोठलेली असते, त्यामुळे जे काही खणायचं ते उन्हाळ्यातच उरकावं लागतं. त्या चरांतून फायबर आता आमच्या घराच्या भिंतीपर्यंत आलं होतं, आणि ते आत घ्या असं सांगायला हा मुलगा आला होता.

"सध्या किती स्पीड आहे तुमच्याकडे?"

"१०० एमबीपीएस."

मी अजून चुलीवर स्वयंपाक करते असं सांगितल्यासारखा त्याने चेहरा केला. त्याच्याकडे १ गिगाबिटचा प्लॅन होता, म्हणजे दहापट. डाउनलोडला तेवढा आणि अपलोडलाही तेवढाच. महिन्याला आत्तापेक्षा ३५ डॉलर जास्त, दोन वर्षांचा करार, आणि ऑफर महिनाअखेरपर्यंत.

मी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक आहे. कॅनडातला एकमेव सिंक्रोट्रॉन आमच्या कॅम्पसवर आहे, तिथल्या क्ष-किरणांनी मी मसूरच्या दाण्यांच्या आतली रचना बघते. (हो, आपल्याकडच्या हायवेवरच्या ढाब्यांवर आख्खा मसूर म्हणून मिळते तीच मसूर. ती सस्कॅचेवानमध्ये मैलोगणती पिकते आणि इथून भारतातही जाते.) माझं कंत्राट आणखी चौदा महिन्यांचं होतं. आमच्या घरात महिना ३५ डॉलर हा सहज सोडून द्यायचा आकडा नाही. तरीही मी त्याला नको म्हटलं नाही. "विचार करून सांगते" म्हटलं, आणि मनातून जवळजवळ होच म्हटलं होतं. कारण होतं अण्णांचा कॉल.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते आणि आई कराडला असतात. इथलं आणि तिथलं घड्याळ साडेअकरा तासांनी वेगळं. सस्कॅचेवानमध्ये घड्याळं पुढेमागे करत नाहीत, म्हणून हे अंतर बाराही महिने तेवढंच राहतं. इथे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथे सकाळचे आठ. चहा झालेला असतो, पेपर आलेला असतो. ती आमची बोलायची वेळ.

त्या वेळेला वर्षभर एकच रड चालू होती. अण्णा स्क्रीनवर यायचे, मी काहीतरी विचारायचे आणि चित्र अडकायचं. अण्णांचा चेहरा तसाच्या तसा. मी म्हणायचे, "हॅलो? अण्णा? ऐकू येतंय का?" तेवढ्यात तिकडून एखादा शब्द यायचा, तो माझ्या हॅलोवर आदळायचा. मग दोघंही गप्प, आणि मग दोघंही एकदमच बोलायला लागायचो. आवाजही खोल विहिरीतून आल्यासारखा बारीक. चार-पाच मिनिटं असं झालं की मी म्हणायचे, "अण्णा, नेटचा प्रॉब्लेम आहे, उद्या बोलू." ते मान हलवायचे. मग आई फोन घ्यायची आणि तिच्याशी मात्र बोलणं नीट व्हायचं. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात जाते, तिथे रेंज चांगली असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

देशाबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असं एखादं "नेटचं" दुखणं असतं. आणि पैसे टाकून ते बरं होणार असेल तर आपण टाकतोच. मी फॉर्म भरायला बसलेसुद्धा होते. थांबले ती अण्णांच्याच एका जुन्या नियमामुळे.

अण्णा टेलिफोन खात्यात लाईनमन होते. १ ऑक्टोबर २००० ला खात्याचं बीएसएनएल झालं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. मी लहान असताना कराडात फोन ही अप्रूपाची वस्तू होती. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे, आणि एवढं थांबून मिळालेला फोन बंद पडला की थेट आमच्या दारात येऊन उभे राहायचे. सुट्टीच्या दिवशी अण्णा मला सायकलवर पुढे बसवून दुरुस्तीला न्यायचे. खांद्याला वायरची गुंडाळी, पिशवीत पक्कड आणि तपासणीचा रिसीव्हर. ते म्हणायचे, "गिऱ्हाईक म्हणतंय फोन बिघडला. फोन क्वचित बिघडतो. आधी लाईन मधेच तोडायची आणि बघायचं, दोष एक्स्चेंजच्या बाजूला हाय का घराच्या. एक बाजू चांगली निघाली की ती सोडायची. उरलेल्या बाजूचे परत दोन भाग." पुढे कॉलेजात बायनरी सर्च शिकवलं तेव्हा मला वाटलं, हे तर मला डीपीच्या खांबाखाली उभं राहून केव्हाच कळलंय.

तर नियम असा: पैसे द्यायच्या आधी दोष कुठल्या टोकाला आहे ते बघायचं. माझ्या हातात दोन आठवडे होते.

सुरुवात आकड्यांपासून केली. डिसेंबर २०१६ मध्ये सीआरटीसीने, म्हणजे कॅनडाच्या दूरसंचार नियामकाने, ब्रॉडबँड ही मूलभूत सेवा ठरवली आणि घरोघरी किमान ५० एमबीपीएस डाउनलोड आणि १० अपलोड मिळावं असं लक्ष्य ठेवलं. आमच्याकडे १०० आणि १५ होतं. चांगल्या प्रतीच्या एका व्हिडिओ कॉलला प्रत्येक दिशेला तीन-चार एमबीपीएस पुरतात. म्हणजे कागदावर आमच्याकडे भरपूर होतं. मग अडकत कुठे होतं?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची आपण सरमिसळ करतो. प्लॅनवर लिहिलेला स्पीड म्हणजे रस्त्याची रुंदी. एका वेळी किती गाड्या जातील ते त्यावर ठरतं. पण पुणे-बंगळूर हायवेला आणखी दोन पदर वाढवले म्हणून कराड पुण्याच्या जवळ येत नाही. एक गाडी पोचायला किती वेळ घेते ही निराळी गोष्ट, आणि बोलण्याच्या लयीला तीच महत्त्वाची.

हे अंतर किती, ते मी मोजलं. नकाशा उघडला आणि एक गंमत सापडली. सॅस्कटून आणि कराड पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. दोघांना जोडणारी सगळ्यात जवळची रेषा उत्तर ध्रुवाला लागूनच जाते, सुमारे सव्वाबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे या सरळ रेषेवर केबल असती तरी एका फेरीला, जाऊन येऊन, १२० मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षात डेटा समुद्राखालच्या केबलमधून, खंडांना वळसे घालत जातो. मी मोजलं तेव्हा जाऊन-येऊन २७० ते ३०० मिलिसेकंद भरले. सेकंदाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. बोलताना हे किंचित जाणवतं, पण त्याने चेहरा गोठत नाही. आणि मुख्य म्हणजे यातला फार थोडा भाग आमच्या गल्लीतला होता. १ गिगाबिट घेतलं असतं तरी समुद्र तेवढाच राहिला असता.

मग आमच्या घराची बाजू तपासली. आमचा मोडेम तळघरात, फर्नेसच्या शेजारी. मी कॉल करते वरच्या स्वयंपाकघरातून. लॅपटॉप वायरने थेट मोडेमला जोडला तर ९५ एमबीपीएस, आणि स्वयंपाकघरात वायफायवर जेमतेम २०. म्हणजे ज्या १०० साठी आम्ही पैसे देत होतो त्यातले ८० तळघराचा जिना चढतच नव्हते. गिगाबिट घेतलं असतं तर तेही तिथेच अडकलं असतं. एक लांब वायर आणून राउटर वर हॉलमध्ये ठेवला.

दुसरी चूक पूर्ण माझी होती. मी रात्री आठच्या सुमारास दिवसभराच्या प्रतिमा लॅबच्या सर्व्हरवर चढवायला लावायचे आणि मग निवांत फोनवर बसायचे. ४० जीबीची फाईल १५ एमबीपीएसने चढायला सहा तास लागतात. तेवढा वेळ अपलोडची वाट ठासून भरलेली, आणि माझा आवाज त्या रांगेत मागे उभा. फायबरवर हेच काम पाच-सहा मिनिटांत झालं असतं. त्या मुलाच्या प्लॅनच्या बाजूने सगळ्यात सबळ मुद्दा हाच होता, आणि मी तो वहीत लिहून ठेवला. पण अपलोड रात्री दोन वाजता आपोआप सुरू होईल असं लावून दिलं तर फुकटात काम होत होतं. तसं लावलं.

आमची बाजू स्वच्छ झाली. नवऱ्याने क्रिकेट लावून बघितलं, एकदाही अडकलं नाही. त्या रात्री मी हौसेने अण्णांना कॉल केला. अण्णा आले, मी बोलले, आणि चित्र अडकलं.

म्हणजे दोष पलीकडच्या टोकाला. मला एक प्रकारचं बरंच वाटलं. त्या शनिवारी ताई पुण्याहून कराडला जाणार होती. भाचा बारावीला आहे, त्याला सगळं तपासायला सांगितलं. राउटर माजघरात लोखंडी कपाटाच्या मागे निघाला. लोखंडाच्या आड वायफाय ठेवल्यावर दुसरं काय होणार! भाच्याने तो सोप्यात, अण्णांच्या खुर्चीच्या वरच्या फळीवर आणला. त्याच खुर्चीत बसून मोजलं तर ४० एमबीपीएस, जाऊन-येऊन तेवढेच २८० मिलिसेकंद, एकही पॅकेट गळालेलं नाही. "मावशी, आता एकदम क्लिअर," त्याने मेसेज केला.

सोमवारी साडेआठला कॉल लावला. अण्णा सोप्यात खुर्चीवर बसलेले. मागे भिंतीवर कालनिर्णय.

"अण्णा, डॉक्टरांकडे कधी जायचंय?"

चेहरा स्थिर. डोळे माझ्याकडे. मी तोंड उघडलं, नेहमीचं हॅलो म्हणायला, आणि तेवढ्यात अण्णांच्या मागे कालनिर्णयचं पान पंख्याच्या वाऱ्याने उचललं गेलं. परत खाली बसलं. परत उचललं गेलं.

चित्र चालू होतं.

मी गप्प राहिले. पान चार-पाच वेळा हललं. मग अण्णांचे ओठ हलले आणि बारीक आवाजात आलं, "गुरुवारी. मिरजेला."

त्या रात्री मी पुढे काय बोलले ते मला आठवत नाही.

अण्णांना पार्किन्सन आहे हे आम्हाला दीड वर्षापासून माहीत होतं. उजवा हात थरथरायला लागला तेव्हा निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, थरथर बरीच कमी झाली. आमच्या डोक्यात पार्किन्सन म्हणजे थरथर एवढंच होतं. थरथर कमी म्हणजे अण्णा बरे. गुरुवारी ताई मिरजेला सोबत गेली आणि माझ्या सांगण्यावरून तिने डॉक्टरांना नेमकं हे विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की मेंदूत डोपामिन कमी पडलं की हातापायांसारखेच चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. हसू, आश्चर्य, काळजी आत असते, पण चेहऱ्यावर उमटत नाही. आवाज बारीक होतो, आणि बोलणाऱ्याला मात्र तो नेहमीसारखाच वाटतो. विचार पूर्ण असतो, शब्द सुरू व्हायला वेळ लागतो. एका वेळी एकच प्रश्न विचारा, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, आणि थांबा.

पुढचे काही दिवस मी माझ्या स्वभावाप्रमाणे मोजून बघितलं. माझ्या प्रश्नापासून अण्णांच्या पहिल्या शब्दापर्यंत चार ते सात सेकंद. त्यातला नेटचा वाटा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. बाकीचे अण्णांचे. वर्षभर मी तो सगळा वेळ नेटच्या नावावर घातला होता, आणि दर वेळी दोन-तीन सेकंदांतच हॅलो-हॅलो करून त्यांचं जमत आलेलं वाक्य मोडलं होतं. समोर बसलेली आई हे करत नव्हती, कारण तिला थांबायची सवय झाली होती. मला ती व्हायला मी समोर नव्हते.

मी आईला हे सगळं सांगितलं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, ते मला म्हणायचे, तिच्याकडं नेट नसतंय, तिला उगं कशाला त्रास. तू घे फोन. म्हणून मी घ्यायचे."

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांच्या लाईनीतला दोष कुठल्या टोकाला आहे हे शोधलं, त्याला हा दोष कुठे आहे ते माझ्या कितीतरी आधी कळलं असणार. पण मी "नेट, नेट" म्हणत राहिले आणि ते मान हलवत राहिले. मला अवघड वाटू नये म्हणून असेल, किंवा त्यांनाही नेट म्हणणंच सोपं वाटलं असेल. मी अजून विचारलेलं नाही.

महिनाअखेरीला तो मुलगा पुन्हा आला. मी त्याला सरळ सांगितलं की आम्हाला सध्याचं पुरतंय. त्याने पस्तीसचे तीस केले. मी तरी नाही म्हटलं. नवऱ्याने नंतर विचारलं, "मग कधीच घ्यायचं नाही का?" तसं काही नाही. घरी दोघं-तिघं एका वेळी कॉलवर असतील, कुणाचं काम रोज मोठ्या फाईली चढवायचं असेल, किंवा तुमच्याकडचं अपलोड पाच-सात एमबीपीएसच असेल, तर फायबर जरूर घ्यावं. त्याचं अपलोडच खरं घेण्यासारखं असतं. पण सही करायच्या आधी लॅपटॉप एकदा वायरने मोडेमला जोडून मोजा. आईवडिलांच्या घरात राउटर कुठल्या कपाटामागे आहे ते कुणाला तरी बघायला सांगा. आणि कॉल अडकला असं वाटलं की त्यांच्या मागचा पंखा, पडदा, कॅलेंडर बघा.

३५ डॉलरचे साधारण दोन हजार रुपये होतात. ताईने कराडातल्याच एका स्पीच थेरपिस्टची चौकशी केली. त्या आठवड्यातून एकदा घरी येतात, महिन्याचे जवळपास तेवढेच होतात. हिशेब असा जुळला तो योगायोगाने, पण मी तो तसाच राहू दिला. त्यांनी अण्णांना व्यायाम दिलेत. लांब "आ" म्हणायचं, आणि रोज मोठ्याने वाचायचं, आपल्याला ओरडल्यासारखं वाटेल एवढ्या मोठ्याने. वाचायला कुणीतरी ऐकणारं लागतं. ते काम मी घेतलंय. आता रोज रात्री साडेआठला अण्णा मला पेपर वाचून दाखवतात. कोयनेत किती टीएमसी पाणी, उसाला काय दर, एसटी कुठे उलटली. दहा मिनिटांनी आवाज पुन्हा बारीक होतो, मग थांबतो. सगळे दिवस चांगले जात नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की हा आजार मागे जाणारा नाही.

परवा बातम्या लवकर संपल्या, म्हणून मीच त्यांना इथली एक गोष्ट सांगितली. या प्रांतात १९०८ साली सरकारने टेलिफोनचा कायदा केला, तेव्हा मोठ्या कंपन्या विरळ वस्तीच्या शेतांपर्यंत तारा न्यायला तयार नव्हत्या. मग शेतकऱ्यांनी गावोगावी आपल्या छोट्या छोट्या टेलिफोन कंपन्या काढल्या, वर्गणी घातली आणि मैलोगणती खांब उभे केले. एका तारेवर कितीतरी घरं असायची. एकाची घंटी सगळ्यांकडे वाजायची आणि सगळे सगळ्यांचं ऐकायचे.

अण्णांचा चेहरा स्थिर होता. कालनिर्णयचं पान हललं, बसलं, हललं. पूर्वी या जागी मी तीनदा हॅलो म्हटलं असतं आणि गोष्ट त्यांना ऐकूच गेली नाही असं धरून चालले असते. मी चहाचा कप धरून बसून राहिले.

"खांब," अण्णा म्हणाले. मग थोडं थांबून, "लाकूड कुठलं?"

"सीडर, अण्णा. देवदारासारखं असतं."

पुन्हा पान हललं. आई मागून चहाची कपबशी उचलून गेली.

"आमच्याकडं लोखंडी," ते म्हणाले. "लाकडाला वाळवी लागती."